चकाकी आणि ओळख : मातीतील अज्ञात खनिजपत्र्यांच्या परीक्षणपद्धतींची चिकित्सा

प्रस्तावना

पहिल्या पावसानंतर ओढ्याच्या काठी साचलेल्या रेतीत, विहिरीच्या खोदकामातून वर आलेल्या मातीत किंवा नांगरटीनंतर उन्हात पडलेल्या ढेकळांत चकाकणारे बारीक पापुद्रे दिसावेत आणि पाहणाऱ्याचे कुतूहल जागे व्हावे, हा अनुभव सार्वत्रिक आहे. अशा वेळी साधारणतः दोन प्रतिक्रिया उमटतात. पहिली आशेची : ‘हे सोने तर नसेल?’ दुसरी उपेक्षेची : ‘काही नाही, नुसते अभ्रक आहे.’ या दोन प्रतिक्रिया परस्परविरोधी वाटल्या तरी त्यांच्या मुळाशी एकच दोष आहे. दोन्ही ठिकाणी केवळ चकाकीवरून नाव दिले जाते आणि नाव मिळताच शोध थांबतो.

खनिजाला नाव देणे म्हणजे एक विधान करणे होय. ते विधान चुकीचे असते तर ते कोणत्या परीक्षेत उघड झाले असते, या प्रश्नाचे उत्तर ज्याच्यापाशी आहे त्याचेच विधान ग्राह्य मानावे लागते. या निकषावर रसशास्त्रातील अभ्रकपरीक्षा, आधुनिक खनिजशास्त्रातील प्राथमिक कसोट्या आणि इतिहासातील दोन घटना तपासून पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

चकाकीचे स्वरूप

पापुद्रा चकाकतो याचा अर्थ त्याचा पृष्ठभाग सपाट असून तो प्रकाश एकाच दिशेने परावर्तित करतो, एवढाच आहे. चकाकी हा प्रथमतः पृष्ठभागाचा गुण असतो. त्यावरून द्रव्याची ओळख लगेच पटत नाही. अभ्रकाची स्फटिकरचना थरांची असते. सिलिकेटचे थर एकमेकांवर रचलेले असतात व त्यांना पोटॅशियमचे अणू सैलसर जोडून ठेवतात. या जोडणीच्या पातळीत अभ्रक सहज उकलते. या गुणास खनिजशास्त्रात पाटन असे म्हणतात. त्यामुळे अभ्रकाचा कण कितीही लहान झाला तरी त्याची सपाट बाजू शाबूत राहते आणि ती चकाकते.

अभ्रक गटातील दोन खनिजे येथे महत्त्वाची आहेत. पांढरे किंवा रुपेरी मस्कोव्हाइट अपक्षयास दाद देत नाही, म्हणून मूळ खडक कुजून गेल्यावरही ते मातीत टिकते. काळसर बायोटाइटची स्थिती वेगळी आहे. त्यातील पोटॅशियम पाण्याबरोबर निघून जाते, लोहाचे ऑक्सिडीकरण होते आणि काळा पापुद्रा हळूहळू कांस्यवर्णी, पुढे सोनेरी दिसू लागतो. जर्मन भाषेत अशा सोनेरी अभ्रकास ‘मांजराचे सोने’ या अर्थाचा शब्द रूढ आहे. मातीतील सोन्याचा भास बहुतेक वेळा येथून उत्पन्न होतो.

ही गोष्ट ध्यानात घेता खनिजशास्त्राच्या प्राथमिक मांडणीतील एक उणीव स्पष्ट होते. तेथे सोन्याचा प्रतिस्पर्धी म्हणून हमखास पायराइट उभा केला जातो. खडकाच्या ताज्या तुकड्यापुरती ही जोडी योग्य आहे. तथापि हवा खेळत्या, निचऱ्याच्या मातीत पायराइट फार काळ टिकत नाही. त्यातील गंधक व लोह यांचे ऑक्सिडीकरण होऊन मागे तांबूस-पिवळा गंज उरतो. म्हणजे मातीत सोन्याशी स्पर्धा असते ती मुख्यतः कुजलेल्या बायोटाइटची. प्रतिस्पर्धीच चुकीचा निवडला तर त्याला बाद करणारी परीक्षा कितीही अचूक असली तरी निरर्थक ठरते. ‘हे पायराइट नाही’ असे सिद्ध झाल्याने ‘हे सोने आहे’ असे सिद्ध होत नाही.

रसशास्त्रातील अभ्रकपरीक्षा

भारतीय परंपरेत चकाकणाऱ्या पापुद्र्यांचा पद्धतशीर विचार रसशास्त्राने केलेला आढळतो. ‘रसरत्नसमुच्चय’ या ग्रंथात अभ्रकाची गणना महारसांत केलेली असून त्याचे पिनाक, नाग, मण्डूक आणि वज्र असे चार प्रकार सांगितले आहेत. हे प्रकार अग्नीतील वर्तनावरून ठरतात. तापविल्यावर ज्याचे थर सुटे होतात ते पिनाक, जे सापासारखा फूत्कार करते ते नाग, जे बेडकासारखे उड्या मारते ते मण्डूक आणि ज्यात काही विकार दिसत नाही ते वज्र. औषधासाठी यांपैकी वज्राभ्रक ग्राह्य मानले गेले.

या वर्गीकरणाचे मोठे श्रेय असे की त्यात दिसण्यापेक्षा वागण्याला महत्त्व आहे. पांढरा, तांबडा, पिवळा व काळा असा वर्णभेद परंपरेस ठाऊक होता, तरीही ती वर्णावर थांबली नाही. द्रव्यास अग्नीत घालावे, काय घडते ते पाहावे आणि त्यावरून निवड करावी, ही दृष्टी प्रयोगशीलच म्हटली पाहिजे. शिवाय चार वेगवेगळे परिणाम संभवतात असे आधीच सांगितलेले असल्याने परीक्षकाची अपेक्षा खोटी ठरण्यास तेथे वाव आहे.

मात्र या पद्धतीच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. परीक्षेस घेतलेले द्रव्य अभ्रकच आहे, हे येथे गृहीत धरले जाते. ‘अभ्रक कोणते?’ या प्रश्नाचे उत्तर ती देते. ‘हे अभ्रक आहे काय?’ हा प्रश्न तिच्या कक्षेबाहेर राहतो. पिनाकाचे वर्णन आज वर्मिक्युलाइट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खनिजाशी जुळते. बायोटाइटच्या बदलातून बनणारे हे खनिज तापविले असता त्याच्या थरांतील पाण्याची वाफ होऊन ते अळीसारखे लांब फुगते. 1824 साली त्याला मिळालेले नावही अळी या अर्थाच्या लॅटिन शब्दावरूनच आले आहे. तथापि वर्णन जुळणे म्हणजे ओळख पटणे नव्हे. अॅपोफिलाइट हे अगदी निराळ्या गटातील खनिजही तापविल्यावर पापुद्र्यांनी सुटते आणि त्याचे ग्रीक नाव याच गुणावरून पडले आहे. केवळ ‘थर सुटले’ एवढ्यावरून निर्णय करणारा परीक्षक या दोहोंत भेद करू शकणार नाही. अग्निपरीक्षेतील दुसरा धोका असा की काळे अभ्रक तापविले असता ते स्वतःच सोनेरी दिसू लागते. परीक्षाच येथे भ्रम उत्पन्न करते.

येथे रसशास्त्राला दोष देण्याचा हेतू नाही. औषधयोग्य द्रव्य निवडणे हे त्याचे प्रयोजन होते आणि त्या प्रयोजनाच्या चौकटीतच त्याचे मूल्यमापन व्हावयास हवे. आक्षेप आहे तो प्राचीन प्रकारांना आधुनिक नावे चिकटवून दोन्ही परंपरांचे एकाच वेळी समर्थन करण्याच्या सवयीवर.

कस, कठिनता आणि लवचीकता

सोने कसोटीच्या दगडावर घासून त्याची रेघ पाहण्याची रीत भारतात जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुवर्णाध्यक्षाच्या प्रकरणात कसोटीचा विचार असून कस घेताना होणाऱ्या लबाडीचीही दखल तेथे घेतलेली आहे. परीक्षेइतकीच परीक्षकाचीही परीक्षा हवी, हे भान त्यात दिसते. मराठी खनिजशास्त्रीय परिभाषेने चुर्णाच्या रेघेस ‘कस’ हाच शब्द स्वीकारला, हे औचित्यपूर्ण आहे. युरोपात 1774 साली व्हेर्नर याने खनिजांच्या बाह्य लक्षणांची शिस्तशीर मांडणी केली आणि 1812 साली मोज याने कठिनतेची दहा पायऱ्यांची श्रेणी दिली. या दोन्ही पद्धतींचे बळ तुलनेत आहे. एकट्या खनिजाचे वर्णन करण्याऐवजी त्या खनिजास दुसऱ्याच्या शेजारी ठेवतात.

सोन्याची कठिनता 2.5 ते 3 आणि कस पिवळाच असतो. पायराइटची कठिनता 6 ते 6.5 असून कस हिरवट काळा येतो. अभ्रकाची कठिनता साधारण 2 ते 3, म्हणजे सोन्याच्या जवळपास असते. त्यामुळे कठिनता पायराइटला बाद करते, अभ्रकाला करीत नाही. अभ्रकाला बाद करते ती सुई. सुईच्या टोकाने दाबल्यास सोने चेपते, पायराइट चुरडतो आणि अभ्रकाचे पापुद्रे सुटतात. विशिष्ट गुरुत्वाचा पुरावाही असाच निर्णायक आहे. सोन्याचे 19.3, पायराइटचे सुमारे 5 आणि अभ्रकाचे सुमारे 3 असल्याने थाळीत माती धुताना अभ्रकाचे पापुद्रे पाण्याबरोबर वाहून जातात, सोने तळाशी राहते. ओढ्याच्या संथ पाण्यात वरवर तरंगत चकाकणारा पापुद्रा सोन्याचा असण्याचा संभव म्हणूनच अत्यल्प असतो.

रुपेरी पापुद्र्यांच्या बाबतीत सर्वांत उपयुक्त आणि सर्वांत उपेक्षित परीक्षा लवचीकतेची आहे. पातळ पापुद्रा चिमट्याने वाकवून सोडला असता अभ्रक पुन्हा सरळ होते. जिप्सम, संगजिरे व क्लोराइट वाकतात आणि वाकलेलेच राहतात. कॅल्साइट व झिओलाइट गटातील खनिजे वाकण्याऐवजी तुटतात. ग्रॅफाइट कागदावर काळी रेघ उमटवते. पत्रीदार हेमॅटाइट पोलादासारखे चकाकत असले तरी त्याचा कस तांबडा येतो. या परीक्षेलाही मर्यादा आहे. कुजलेले बायोटाइट आपली लवचीकता गमावते, म्हणजे जेथे संशय सर्वाधिक तेथे ही परीक्षा दुबळी पडते. तेव्हा क्ष-किरण विवर्तनाकडे वळावे लागते. अभ्रकाच्या थरांतील अंतर सुमारे 10 अँगस्ट्रॉम, तर वर्मिक्युलाइटच्या थरांतील सुमारे 14 अँगस्ट्रॉम आढळते. कोणती परीक्षा कोठे थांबते, हे सांगणे हा परीक्षणपद्धतीचाच एक भाग समजला पाहिजे.

फ्रोबिशरचा काळा दगड

चुकीच्या ओळखीचा दोष नेहमी साधनांच्या अभावात असतो असे नाही, हे दर्शविणारी घटना सोळाव्या शतकात घडली. 1576 साली मार्टिन फ्रोबिशर हा इंग्रज दर्यावर्दी आशियाकडे जाणारा वायव्य जलमार्ग शोधत आजच्या कॅनडातील बॅफिन बेटापर्यंत पोहोचला. तेथून आलेला एक काळा, चकाकणारा दगड लंडनमध्ये मोहिमेचा प्रमुख पुरस्कर्ता मायकेल लॉक याच्या हाती पडला. लॉकने तो अनेक परीक्षकांकडे दिला. त्यांना त्यात सोने आढळले नाही. शेवटी जोव्हान्नी बात्तिस्ता अन्येल्लो या इटालियन परीक्षकाने सोने काढून दाखविले. इतरांना जे सापडले नाही ते तुम्हांला कसे सापडले, असे विचारता निसर्गाला खुश करता आले पाहिजे, अशा आशयाचे उत्तर त्याने दिल्याचे लॉकच्या वृत्तान्तावरून कळते.

या उत्तरानंतर मोहिमेचे रूप पालटले. जलमार्गाचा शोध मागे पडून खाणकाम पुढे आले. 1577 साली सुमारे 200 टन दगड इंग्लंडमध्ये आणला गेला. 1578 साली 15 जहाजांचा ताफा निघाला आणि 1100 टनांहून अधिक दगड आला. तो वितळविण्यासाठी डार्टफर्ड येथे भट्ट्या बांधल्या गेल्या. सोने निघाले नाही. लॉक कर्जात बुडाला व त्याला तुरुंगवास भोगावा लागला. तो दगड हॉर्नब्लेंडयुक्त काळपट खडकाचा असून त्यात सामान्य खडकांत असते त्याहून विशेष सोने नाही, हे आधुनिक विश्लेषणाने दाखवून दिले आहे.

या प्रकरणात परीक्षा झाल्या होत्या. त्या तत्कालीन ज्ञानानुसार योग्यही होत्या. दोष पुराव्याच्या निवडीत होता. प्रतिकूल निष्कर्ष देणाऱ्यांना अपुरे आणि अनुकूल निष्कर्ष देणाऱ्या एकास कुशल मानले गेले. कोणताही निकाल आला असता तरी ज्याने विश्वास बदलला नसता, ती परीक्षा केवळ विधी ठरते. चकाकी पाहून मन आधीच निर्णयाप्रत पोहोचलेले असेल, तर कसोटीच्या दगडाचा काही उपयोग होत नाही.

महाराष्ट्रातील संदर्भ

पापुद्रा हाती घेण्यापूर्वी तो कोणत्या भूमीत सापडला हे विचारणे, ही ओळखीची पहिली पायरी आहे. महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून अधिक भाग दक्खनच्या बेसाल्टने व्यापलेला आहे. मस्कोव्हाइट हा बेसाल्टचा घटक नाही. त्यामुळे पुणे, नाशिक किंवा जळगाव परिसरातील स्थानिक मातीत रुपेरी पापुद्रा दिसल्यास ‘अभ्रक’ हे उत्तर सर्वांत सोपे वाटले तरी सर्वांत संभाव्य नसते. बेसाल्टच्या पोकळ्यांत स्टिल्बाइट, ह्यूलंडाइट, अॅपोफिलाइट, कॅल्साइट व क्वार्ट्झ यांचे स्फटिक वाढतात. यांपैकी पहिल्या तिघांच्या पाटनपृष्ठांवर मोत्यासारखी चमक असते. ते मातीत मिसळले की अभ्रकाचा भास होतो. काळ्या मातीतील चुनखडीचे कण चकाकत असतील तर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाच्या थेंबाने ते फसफसतात, झिओलाइट तसे करीत नाहीत.

दक्षिण कोकण आणि पूर्व विदर्भ यांची स्थिती भिन्न आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कडावल परिसरात पेग्मटाइट खडकांत अभ्रक आढळते. नागपूर, भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांत प्राचीन रूपांतरित खडक असून त्यांतील सुभाजा व पट्टिताश्म यांत अभ्रक हा नेहमीचा घटक आहे. तेथील मातीत ‘अभ्रक’ हे विधान आरंभापासूनच बलवान असते. एकच पापुद्रा, एकच चकाकी, परंतु भूमी बदलली की विधानाचे वजन बदलते.

या नियमालाही अपवाद आहेत आणि ते माणसाने निर्माण केले आहेत. बांधकामाची रेती दुरून येते व आपल्याबरोबर अभ्रक आणते. रोपवाटिकेच्या मिश्रणात फुगविलेले वर्मिक्युलाइट घातलेले असते, म्हणून कुंडीतील मातीचा पुरावा त्या गावच्या भूविज्ञानाविषयी काहीच सांगत नाही. शोभेच्या वस्तूंवरील प्लॅस्टिकची चमकीही आता मातीत मिसळते. तिचे तुकडे बहुधा षट्कोनी कापलेले असतात आणि अभ्रकाचा स्फटिकही षट्कोनी भासतो. तापलेल्या सुईने ती वितळते, खनिज वितळत नाही. सापडलेला पापुद्रा खनिज आहे, हेही म्हणूनच गृहीत धरून चालत नाही.

‘नुसते’ या शब्दाची किंमत

फ्रोबिशरच्या प्रकरणात आशेने डोळे झाकले. उपेक्षेनेही तसेच घडते, याचे उदाहरण अमेरिकेतील माँटाना राज्यातल्या लिबी या खाणगावाने दिले. तेथे 1920च्या दशकापासून 1990पर्यंत वर्मिक्युलाइटचे उत्खनन चालले. घरांच्या माळ्यांवर उष्णतारोधक म्हणून आणि बागांत माती भुसभुशीत करण्यासाठी ते खनिज वापरले गेले. गावातील अंगणांत व खेळाच्या मैदानांजवळही ते पसरलेले होते आणि मुले त्यात खेळत असत. त्या सोनेरी पापुद्र्यांना वर्मिक्युलाइट म्हणणे पूर्णतः बरोबर होते. परंतु त्या साठ्यात वर्मिक्युलाइटबरोबर अॅम्फिबोल गटातील तंतुमय अॅस्बेस्टॉसही मिसळलेले होते. त्याचे सूक्ष्म तंतू श्वासावाटे फुप्फुसांत गेले. खाणकामगारच नव्हे, तर त्यांचे कुटुंबीय व इतर रहिवासीही फुप्फुसांच्या असाध्य विकारांना बळी पडले. 1999 साली केंद्रीय पर्यावरण यंत्रणेने तपास सुरू केला आणि 2009 साली तेथे सार्वजनिक आरोग्य आणीबाणी जाहीर झाली.

प्रत्येक वर्मिक्युलाइटमध्ये अॅस्बेस्टॉस असते असा याचा अर्थ नाही. परंतु चकाकणाऱ्या पापुद्र्याचे नाव अचूक सांगितल्याने त्या मातीची ओळख पुरी होत नाही, हा धडा येथून घ्यावा लागतो. नजर चकाकणाऱ्याकडे जाते आणि न चकाकणारे निसटते. खनिजे मातीत एकेकटी नसतात. ती ज्या खडकातून आली त्या खडकाचे इतर घटकही त्यांच्यासोबत येतात. ‘नुसते अभ्रक’ या शब्दप्रयोगातील ‘नुसते’ हे विशेषण कोणत्याही परीक्षेतून आलेले नसते. ते पाहणाऱ्याच्या अपेक्षाभंगातून येते.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. चकाकी ही शोधाचा आरंभ आहे, पुरावा नव्हे. ओळखीचा क्रम भूमीपासून सुरू व्हावयास हवा आणि त्यानंतर लवचीकता, सुई, कस, कठिनता, आम्ल व विशिष्ट गुरुत्व या परीक्षा कोणत्या प्रतिस्पर्ध्याला बाद करण्यासाठी घ्यावयाच्या आहेत ते आधी ठरवून घ्याव्यात. अग्निपरीक्षेचे स्थान मर्यादित आहे, कारण ती काही भेद उघड करते तसेच काही भ्रम निर्माणही करते. रसशास्त्राने वर्तनाला दिलेले महत्त्व आजही आदरणीय असले तरी त्याचे प्रकार आधुनिक नावांशी परीक्षेवाचून जोडणे योग्य नाही.

महाविद्यालयीन स्तरावर खनिजांच्या प्रात्यक्षिकांत नावपट्टी लावलेले स्वच्छ नमुने हाताळावयास मिळतात. त्यांच्यासोबत विद्यार्थ्यांनी स्वतःच्या गावातील मूठभर माती आणून तिच्यातील चकाकणाऱ्या व न चकाकणाऱ्या अशा दोन्ही कणांची नोंद केली, आणि प्रत्येक नावापुढे ते नाव कोणत्या परीक्षेत खोटे ठरू शकले असते हे लिहिले, तर त्या प्रात्यक्षिकाचे मोल वाढेल. त्या मुठीत सोने सापडण्याची शक्यता फारशी नाही. आपण राहतो, पिकवितो आणि श्वास घेतो त्या मातीत काय आहे, याचे उत्तर मात्र तिथूनच मिळू लागेल.